विक्षिप्त कोण आणि आजारी कोण?

प्रत्येक सोसायटीत एक काका असतात. भर मे महिन्यात कानटोपी घालतात, लिफ्टमध्ये कुणाशी बोलत नाहीत, पार्किंगमधल्या मांजरांशी मात्र तासभर गप्पा मारतात. सगळे त्यांना सर्किट म्हणतात. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. डबे वेळेवर, मुलांचे क्लास वेळेवर, जिन्यात भेटल्या की हसणार. दीड-दोन महिने झाले, त्यांना पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही. आवडीची मालिका लावली तरी मन लागत नाही. 'आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं' हा विचार दिवसातून चार-पाचदा येऊन जातो. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. डॉक्टरांकडे जायची गरज मात्र त्यांना आहे. काकांचं बहुधा बरं चाललंय.

मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात अपसामान्य वर्तन ओळखण्याचे चार निकष शिकवतात: वागणं दुर्मीळ असणं, समाजाच्या रीतीत न बसणं, माणसाला स्वतःला त्रास होणं आणि रोजचं जगणं अडणं. परीक्षेत चारही लिहावे लागतात. प्रत्यक्षात पहिले दोन फारसे भरवशाचे नाहीत, आणि घरोघरी आपण नेमके त्याच दोघांवर विसंबतो.

दुर्मीळ म्हणावं तर स्वतः गणिताची कोडी रचणारा मुलगाही दुर्मीळच. समाजाची रीत हा निकष तर इतिहासात अनेकदा तोंडघशी पडलाय. १८५१ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रॅपेटोमेनिया' हा आजार असतो असं गंभीरपणे मांडलं होतं. पळून जावंसं वाटणं हाच आजार! समलैंगिकता अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या यादीत १९७३ पर्यंत होती आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या यादीतून १९९० मध्ये काढली. आपल्याकडे कायद्याच्या नजरेतला गुन्हा पुसला जायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडला. त्या माणसांना दुखणं नव्हतंच. दुखत होतं ते आजूबाजूच्यांना.

आपल्या घरातलं उदाहरण घ्यायचं तर अंगात येण्याचं. नवरात्रात देवीसमोर आरती टिपेला पोचली की एखाद्या बाईच्या अंगात येतं, ती घुमते, केस मोकळे सुटतात, लोक पाया पडतात. अर्ध्या तासाने ती पदर सावरून घरी जाते आणि भाकऱ्या थापायला लागते. यावर श्रद्धा ठेवायची की नाही हा वेगळा वाद, पण मानसोपचारशास्त्र याला आजार म्हणत नाही. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात संचाराशी संबंधित आजार आहेत, मात्र अट अशी की तो संचार नकोसा असला पाहिजे, त्या समाजाने मान्य केलेल्या धार्मिक चौकटीबाहेरचा असला पाहिजे आणि त्याने माणसाला त्रास होत असला पाहिजे. तीच बाई मंगळवारी दुपारी ऑफिसात, बुधवारी बसमध्ये, तिला नको असताना घुमायला लागली आणि नोकरी जायची वेळ आली, तर प्रश्न बदलतो.

म्हणून उरतात ते त्रास आणि अडणं. त्यांना जोडून आणखी एक विचारायचं: किती दिवस?

दिवसांचं महत्त्व दुःखाच्या बाबतीत सर्वांत चांगलं दिसतं. नवरा गेल्यावर बाई जेवत नाही, रडते, झोपत नाही. कधी संध्याकाळी दाराशी त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आल्यासारखं होतं, कधी त्याने हाक मारल्याचा भास होतो. जवळचं माणूस गेल्यावर असे भास होणं अगदी सर्रास आढळतं आणि त्यावरून कुणी वेडं ठरत नाही. आपल्याकडे दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध असे टप्पे आहेत. लोक येतात, रडू देतात, हळूहळू माणसाला कामाला लावतात. बहुतेकांचं दुःख त्या वाटेने निवळत जातं. पण काहींचं ते तसूभरही हलत नाही. सहा महिन्यांच्या पुढेही रोज तीच तीव्रता आणि आयुष्य तिथेच थांबलेलं असेल, तर नव्या वर्गीकरणाने त्याला दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचा वेगळा आजार मानलंय. त्यावर टीकाही झाली: आता रडण्यालाही आजार म्हणणार का? मला ती टीका अर्धीच पटते. वर्षानुवर्षं एका खोलीत बसून राहिलेल्या आईला मदत मिळत असेल, तर नाव काहीही द्या.

उदासी आणि छातीतली धडधड

नैराश्य या शब्दाने आपल्यासमोर रडणारा माणूस येतो. पुष्कळ रुग्ण रडतच नाहीत. ते फॅमिली डॉक्टरकडे जाऊन सांगतात, "डोकं जड असतं, अंग मोडून आल्यासारखं वाटतं, भूक मेलीय, कशात रस राहिला नाही." टॉनिक, व्हिटॅमिनच्या गोळ्या, मग सोनोग्राफी असा प्रवास होतो. पुरुषांमध्ये अनेकदा चिडचिड आणि दारू पुढे येते, उदासी मागे लपते. ढोबळ मोजमाप असं: दिवसातला बराचसा वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे मन खिन्न असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, शिवाय झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार यांपैकी बऱ्याच तक्रारी एकत्र असणं. 'जरा मनाला लावून घेऊ नकोस, फिरायला जा' हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्याला आंघोळीला उठणंच डोंगराएवढं वाटतंय, त्याला तो टोचतो. आणि एक गोष्ट सांगून ठेवतो: थायरॉइड कमी असेल किंवा बी-१२ फार उतरलं असेल, तरी चित्र हुबेहूब असंच दिसू शकतं. चांगला मानसोपचारतज्ज्ञ आधी रक्त तपासायला सांगतो तो त्यासाठी.

पॅनिक अटॅकची गंमत (गंमत कसली!) अशी की त्याचा रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे सर्वांत शेवटी पोचतो. आधी तो रात्री अकराला कॅज्युअल्टीत असतो. छाती भरून आलीय, हात मुंग्यांनी बधिर झालेत, श्वास पुरत नाही, आता मरणार याची खात्री. ईसीजी निघतो, नॉर्मल येतो. 'गॅस असेल' म्हणून घरी पाठवतात. आठ दिवसांनी पुन्हा तेच. पार्किंगमधल्या गाडीच्या बॉनेटवर मांजर बसलं तरी अलार्म केकाटतो, तसं शरीराची धोक्याची यंत्रणा इथे विनाकारण वाजते. धोका खोटा असतो, धडधड खरी असते. झटका साधारण दहा मिनिटांत टिपेला पोचतो आणि मग ओसरतो. खरं नुकसान त्यानंतर होतं. माणूस लोकल टाळतो, मग बाजार टाळतो, मग एकटं घराबाहेर पडणंच टाळतो. पहिल्यांदा असं झालं तर हृदयाची तपासणी करायलाच हवी, तिथे मानसिक म्हणून उडवून लावू नये. तपासणी निर्दोष आली आणि झटके चालूच राहिले, तर मात्र चौथा ईसीजी काढून काही हाती लागत नाही.

सोवळं कुठे संपतं

ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, हा आजार आपल्याकडे सर्वांत छान लपतो, कारण त्याला लपायला सोवळ्या-ओवळ्याची तयार जागा मिळते. बाई अतिशय स्वच्छ आहेत, टापटीप आहेत, आमच्या आजीचं सोवळं फार कडक होतं, अशा कौतुकाखाली वर्षानुवर्षं निघून जातात.

फरक कसा ओळखायचा? सोवळ्याच्या नियमाला शेवट असतो. आंघोळ केली, धूतवस्त्र नेसलं, झालं सोवळं. आता पूजा करा, स्वयंपाक करा. ओसीडीत शेवट येत नाही. हात धुतले, नळ बंद केला, आणि नळाला हात लागला तो धुतलेला होता की न धुतलेला? पुन्हा नळ. साबणाची वडीच आधी खराब हातांनी धरली होती. मग आधी वडी धुवायची. कोपरापर्यंत पाणी, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलवटलेली, बाहेर नवरा दार वाजवतोय, "अगं, टाकी संपली." तिलाही कळतं की हे अती होतंय. कळून उपयोग होत नाही, कारण हातावरची घाण कधीच निघून गेलेली असते, मनातली शंका जात नाही.

आणि धुणं हे त्याचं एकच रूप. कुणी गॅसचा नॉब बारा वेळा बघून येतो. कुणाला देवघरासमोर हात जोडताच देवाबद्दल घाणेरडे शब्द मनात येतात आणि तो स्वतःला पापी समजून प्रायश्चित्तं घेत सुटतो. एखाद्या ओल्या बाळंतिणीला सुरी दिसली की 'माझ्या हातून बाळाला काही होईल का' असा विचार येतो आणि ती स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या लपवून ठेवते. असले विचार येणारी माणसं ते कुणाला सांगत नाहीत. सांगितलं तर आपल्याला राक्षस समजतील अशी भीती असते. खरं तर त्या विचाराची किळस येणं, त्यापासून पळावंसं वाटणं, हीच ओसीडीची ओळख. मात्र तीच बाळंतीण 'या बाळाला इथून सोडवायलाच हवं, मला तसा आदेश आलाय' असं ठामपणे बोलू लागली, झोप उडाली, बोलणं असंबद्ध झालं, तर ती वेगळीच आणि तातडीची अवस्था आहे. तिथे एक रात्रही थांबू नये.

ओसीडीत घरचे नकळत सामील होतात, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. ती विचारते, "अहो, मी हात नीट धुतले ना?" तो म्हणतो, "हो गं, धुतलेस." तिला दोन मिनिटं बरं वाटतं. मग पुन्हा विचारते. वर्षभरात घरात शिरण्याआधी सगळ्यांनी कपडे बदलायचे, पार्सल तीन दिवस गॅलरीत ठेवायचं, पाहुणे बोलवायचे नाहीत, असं अख्खं घर आजाराच्या नियमांवर चालू लागतं. प्रत्येक 'हो, धुतलेस' शंकेला खाऊ घालतो. उपचार बरोबर उलट दिशेने जातो. थेरपिस्टसोबत ठरवून, सोप्यापासून सुरुवात करून, दाराच्या कडीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. अस्वस्थता चढते, कळसाला जाते आणि न धुताही हळूहळू उतरते. हे मेंदूला वारंवार अनुभवू द्यावं लागतं. सोबत औषधं असतात आणि ओसीडीत त्यांचा डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो. चांगल्यापैकी फरक पडतो. म्हणूनच कपाटातल्या साड्या रंगाने लावणाऱ्यांनी 'मला जरा ओसीडी आहे' म्हणत मिरवलं की मला राग येतो.

ज्याची सर्वांत जास्त भीती वाटते

स्किझोफ्रेनिया म्हटलं की सिनेमातली दोन माणसं एका देहात राहायला येतात. तसं काही नसतं. यात माणसाचा खऱ्या-खोट्याचा निवाडा बिघडतो. कुणी नसताना आवाज ऐकू येतात, बहुधा त्याच्याबद्दल टीका करणारे. शेजारी पाळत ठेवतात, टीव्हीतला निवेदक मलाच उद्देशून बोलतो, असे संशय पक्के होतात. सुरुवात बहुतेकदा ऐन विशी-पंचविशीच्या आसपास होते. आवाजांच्या आधी कित्येक महिने एक शांत पडझड चाललेली असते: मुलगा मित्रांकडे जाईनासा होतो, आंघोळ टाळतो, कॉलेजला दांड्या, खोलीचं दार बंद. घरचे म्हणतात आळशी झालाय, मोबाइलने बिघडलाय. औषधांनी आवाज बऱ्यापैकी शमतात. ही मरगळ मात्र चिवट असते आणि तिलाच घरी सर्वांत जास्त बोलणी बसतात.

अशा माणसाशी वाद घालून त्याचा संशय जात नाही. 'अरे, कुणी नाहीये तिथे, वेडा का खुळा तू' म्हटलं की तुम्हीही कटात सामील आहात असं त्याला वाटतं. 'हो हो, मलाही ऐकू येतं' हे तर त्याहून वाईट. जमण्यासारखं बोलणं साधारण असं: "दादा, मला ते आवाज येत नाहीत. पण तुला येतायत आणि तू घाबरलायस, हे दिसतंय मला. झोप लागत नाही म्हणून तरी डॉक्टरांकडे जाऊ या." झोपेचं निमित्त बऱ्याचदा चालतं, कारण झोप खरंच उडालेली असते. हिंसेबद्दल सांगायचं, तर बहुसंख्य रुग्ण कुणाला इजा करत नाहीत. मार खाण्याची, फसवले जाण्याची पाळी त्यांच्यावरच जास्त येते.

बायपोलर म्हणजे नैराश्य आणि तेजी आलटून-पालटून येणारा आजार. त्यात घोळ वेगळा होतो. नैराश्याच्या काळात सगळे काळजी करतात, तेजीच्या काळात मात्र 'बघा कसा उत्साही झालाय' म्हणतात. तीन तास झोपूनही दमत नाही, एका दमात चार धंद्यांचे बेत, कर्ज काढून दोन गाड्या. हे आठवडाभर किंवा अधिक चाललं तर तो मॅनिया, म्हणजे आजारातली तेजी, असू शकतो. डॉक्टरांना फक्त उदासी सांगितली आणि तेजी लपवली, तर नैराश्याच्या गोळीने तेजी उसळण्याचा धोका असतो. म्हणून मागचं सगळं सांगायचं.

दोन गोष्टी तर मानसिक आजार म्हणून दिसतात आणि असतात मात्र शरीराच्या. एक, सत्तरीच्या आजोबांना परवापर्यंत सगळं आठवत होतं आणि आज अचानक मुलाला ओळखत नाहीत, रात्री उठून 'गाडी चुकेल' म्हणून पिशवी भरतात. हा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला बदल असेल तर लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवीन औषध असं काहीतरी शोधावं लागतं. 'म्हातारचळ' म्हणून सोडून दिलं तर जिवावर बेतू शकतं. दुसरी, रोज पिणारा माणूस पाय मोडून हॉस्पिटलात पडला, दारू बंद झाली, आणि दोन-तीन दिवसांनी त्याला चादरीवर किडे दिसू लागले, हात थरथरतात, घाम सुटतो. हे दारू एकाएकी सुटल्याचं लक्षण आणि ती आणीबाणी असते. पिण्याचं खरं प्रमाण डॉक्टरांपासून लपवू नये ते यासाठी.

भगत, गोळी आणि कायदा

घरचे आधी देवऋषीकडे नेतात यावर शहरी लोक नाक मुरडतात. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर माणूस जवळच्या दाराशीच जाणार. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (१२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता) प्रौढांपैकी साधारण १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. अंगारा लावला, नवस बोलला, त्याने धीर आला, इथपर्यंत माझी हरकत नाही. सोबत गोळी चालू राहू दे. मिरचीची धुरी, चाबूक, साखळी इथे मात्र सीमा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधून मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. साखळ्यांचं काय होतं ते तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं: ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि बांधून ठेवलेले २८ रुग्ण पळता न आल्याने जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांवर देशभर बंदी घातली, भूल न देता शॉक देणंही बंद केलं, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. विमा कंपनीने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे.

गोळ्यांबद्दलची भीती चुकीच्या गोळीवर बसलीय, असं माझं मत. नैराश्य आणि चिंतेवर सहसा देतात त्या एसएसआरआय गोळ्यांची चटक लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता होते आणि लोक नेमक्या तेव्हाच सोडून देतात. बरं वाटलं तरी काही महिने चालू ठेवून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू उतरवायच्या असतात. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या शांत झोप देणाऱ्या गोळ्यांची. आणि याच गोळ्या मामाच्या जुन्या चिठ्ठीवर, शेजारणीच्या सांगण्यावरून घराघरांत वर्षानुवर्षं चालू असतात. त्या एकदम थांबवणंही धोक्याचं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर, तो औषधं लिहितो. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून, तंत्रांतून उपचार करतो, औषध लिहीत नाही. बऱ्याच जणांना दोघांची गरज पडते. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि जिल्हा रुग्णालयांतही ही सेवा असते. जायचं कुठे हेच कळत नसेल, किंवा आत्ता या क्षणी मरणाचे विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

निदानासाठी रक्ताची किंवा स्कॅनची कोणतीही एक खात्रीची चाचणी नाही. डॉक्टर विचारतात, ऐकतात, त्यावरच सगळं ठरतं. म्हणून पहिल्या भेटीला जाताना कागदावर लिहून न्या: कधीपासून, झोप किती, खाणं किती, कोणती कामं सुटली, घरात आधी कुणाला असं झालं होतं का, दारू-तंबाखू किती. सोबत राहणारं एखादं माणूस न्या, त्याला वेगळं दिसलेलं असतं. आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्या, बीपीच्या, थायरॉइडच्या, काढ्याच्या बाटलीसकट; उशीखालच्या त्या झोपेच्या गोळीचं पाकीटही.